तुमचे प्रश्न : साठीच्या हातात डंबेल

मागच्या अंकात याच पानावर मी एवढंच लिहिलं होतं की पन्नाशीनंतर नुसतं चालणं पुरत नाही, वजन उचलायला लागा. त्यावर इतके व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले यावेळचं अख्खं पान त्यालाच देऊन टाका. निम्म्या लोकांना राग आलाय, निम्मे घाबरलेत. नावं छापत नाही, नागपुरातला एरिया आणि वय तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी बँकेतून रिटायर झालो, वय ६३. रोज सकाळी अंबाझरीला पाच किलोमीटर चालतो, आमचा ग्रुपच आहे, मग चहा-पोहे करून घरी. तरी पोट जागचं हललं नाही. आणि आता गजानन महाराजांच्या पारायणाला खाली मांडी घालून बसलो की उठताना कोणीतरी हात द्यावा लागतो. चालणं तर एक दिवस बंद नाही, मग पाय काहून कमजोर होऊन राहिले? आणि या वयात जिममध्ये जाऊन पोरांसमोर हसं करून घ्यायचं का जी? (त्रिमूर्तीनगर)

काका, चालणं अजिबात सोडू नका. हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, झोपेला चांगलं आणि ग्रुपमुळे डोकंही ठिकाणावर राहतं. पण सपाट रस्त्यावर चालायला पायांची जी ताकद लागते ती तुमच्याकडे असलेल्या ताकदीचा छोटासा भाग असते, आणि शरीराचा हिशोब असा की जे वापरात नाही ते पोसायचं नाही. स्नायूंमध्ये दोन तऱ्हेचे तंतू असतात, एक सावकाश आणि तासन्‌तास काम करणारे, ते चालण्यात वापरले जातात, आणि दुसरे झटकन जोर लावणारे, जे जमिनीवरून उठताना, जिना चढताना, ठेच लागल्यावर तोल सावरताना लागतात. वय वाढलं की हे दुसरे आधी बारीक होतात आणि चालण्यात त्यांना फारसं कामच मिळत नाही. म्हणून तुम्ही दहा किलोमीटर चाललात तरी मांडी घातल्यावर उठताना हात लागणारच.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. गंमत म्हणजे याला १९८९ पर्यंत धड नावसुद्धा नव्हतं, आयर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्याला सार्कोपेनिया म्हटलं, आणि अमेरिकेत आजारांच्या यादीत त्याला स्वतःचा कोड मिळाला तो २०१६ साली. तोपर्यंत सगळे याला वय झालं असंच म्हणत होते. आपल्याकडे अजूनही तेच म्हणतात, डॉक्टरसुद्धा.

आता एक काम करा, हे वाचून झालं की लगेच. डायनिंग टेबलची बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. बसा, दोन्ही हात छातीवर क्रॉस करा, आणि काकूंना मोबाईलवर ३० सेकंद लावायला सांगा. तेवढ्यात पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी आले तर पाय सरासरीपेक्षा कमजोर, बाईला १२ पेक्षा कमी. ६५ ते ६९ मध्ये पुरुष १२, बाई ११. हात लावून उठावं लागलं तर स्कोअर शून्य, त्यात सूट नाही.

ही परीक्षाच तुमचा पहिला व्यायाम. त्याच खुर्चीवर उठबस, पण मोजून आणि सावकाश: पाय खांद्याएवढे लांब, टाचा जमिनीला घट्ट, आधी नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढं वाकायचं आणि मग टाचेनं जमीन दाबत उठायचं. खाली बसताना धपकन नाही, मनात तीनपर्यंत मोजत. १० वेळा करा, दोन मिनिटं बसा, असं तीनदा. बहुतेकांचं पहिल्या दिवशी भागतं, पण हा व्यायाम तिथेच ठेवला तर दोन महिन्यांनी त्याचंही चालण्यासारखंच होतं, शरीराला सवय होते आणि स्नायू म्हणतो आता काय गरज. म्हणून १० आरामात झाले तर छातीशी नातवाची शाळेची बॅग धरा आणि त्यात तूरडाळीचं एक किलोचं पाकीट टाका. दोन आठवड्यांनी दुसरं. पुढं तिसरं. शेवटच्या दोन-तीन उठबशा जड वाटल्या पाहिजेत, म्हणजे अजून जास्तीत जास्त दोन-तीन निघतील आणि मग नाही, इतपत. या वाढत्या वजनातच सगळं आहे, बाकी कोणती मशीन आणि कोणता ट्रेनर हे नंतरचं.

त्यासोबत ओट्याला हात टेकून तिरप्या पुशअप, वाकून बॅग पोटाकडे ओढायची पाठीसाठी, टाचा उचलणं, आणि दोन्ही हातात सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन हॉलमध्ये फेऱ्या. आठवड्यात दोन दिवस, मध्ये दोन-तीन दिवस गॅप. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या सूचनांमध्ये हेच सांगितलंय, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि त्यासोबत किमान दोन दिवस ताकदीचा. त्यातला 'आणि' आपण वाचतच नाही.

हशाचं म्हणाल तर जिममधली पोरं आरशात स्वतःचे दंड बघण्यात इतकी गुंग असतात की तुमच्याकडे बघायला फुरसत कोणाला. पोटाचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे, तो काकूंनाही वाचायला द्या.

प्रश्न : वय ४९, उंची पाच फूट एक, वजन ७१. गेल्या वर्षी एका डाएटवर तीन महिन्यात आठ किलो उतरवलं, सगळे म्हणाले किती बारीक झालीस, पण जिना चढताना पाय थरथरायचे, चेहरा उतरला, केस गळले, आणि दिवाळीपर्यंत नऊ किलो परत. पाळीही मागेपुढे होऊन राहिली आता. नणंद म्हणते वेट ट्रेनिंग कर, मसल झोपेतही चरबी जाळतात. मैत्रिणी म्हणतात पैलवान दिसशील बाई. कोणाचं ऐकू? (मानेवाडा)

नणंद अर्धी बरोबर, मैत्रिणी पूर्ण चूक.

आधी नणंदेचं. मसल झोपेत कॅलरी जाळतात हे खरं, पण किती? एक किलो स्नायू दिवसभर नुसता पडून राहिला तर साधारण १३ कॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचार. म्हणजे वर्षभर घाम गाळून दोन किलो स्नायू कमावले (तुमच्या वयात ती मोठी कमाई आहे) तर दिवसाला २६ कॅलरी. चहातली एक चमचा साखर २० कॅलरीची असते. इन्स्टाग्रामवर जे सांगतात ना की मसल वाढवा आणि मग काहीही खा, त्याला काही अर्थ नाही. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातूनच.

मग वजन उचलायचं कशाला? तर उतरतंय ते काय उतरतंय, यासाठी. तुमचे आठ किलो गेले त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे काट्याला कळत नाही. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर साधारण पाव हिस्सा स्नायू वगैरेचा जातो, तुमचे पाय थरथरत होते ते उगीच नाही. आणि वजन परत येतं तेव्हा, खास करून पाळी जायच्या सुमाराला आणि नंतर, चरबी जास्त परत येते आणि स्नायू तेवढे येत नाहीत. म्हणजे काटा जवळपास जुन्याच आकड्यावर आला तरी तुम्ही आधीच्या तुम्ही नाही आहात, तेवढ्याच वजनात चरबी जास्त आणि पाय कमजोर. असे दोन-तीन डाएट झाले की पन्नाशीच्या बाईचे पाय सत्तरीचे होतात आणि तिला वाटतं आपलं वयच झालं.

यावर एक चांगला अभ्यास आहे, २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. ६५ च्या वरची १६० लठ्ठ माणसं, डाएट करणाऱ्या तिन्ही गटांचं वजन सहा महिन्यात ९ टक्क्यांच्या आसपास उतरलं. फरक पडला तो आत. नुसता चालण्या-सायकलसारखा व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन ५ टक्के घटलं, वजन उचलणाऱ्यांचं २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं ३ टक्के, आणि रोजच्या हालचालींच्या परीक्षेत सगळ्यात पुढे हे दोन्ही करणारे निघाले. काट्यावर तिन्ही गट सारखेच दिसले असते.

आपल्या लोकांना याची गरज जरा जास्तच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात फोटो छापून आला होता, शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा पण आतून चरबीचा, हा आपला खास देशी प्रकार, आणि म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात. तेव्हा काटा आठवड्यातून एकदाच बघा आणि त्यासोबत टेप लावा, शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून. बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांसाठी ९०. (त्रिमूर्तीनगरच्या काकांचं पोट इथे येतं. एक तास चालण्यात दोन-अडीचशे कॅलरी जातात आणि तर्रीवाले पोहे, वर एखादी जिलेबी, की जमाखर्च बरोबर. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नसते हेही सांगून ठेवते.)

आता मैत्रिणी. पैलवान व्हायला जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी पट कमी असतं. जी मुलं दंड फुगावेत म्हणून रोज दोन तास जिममध्ये मरतात त्यांचे फुगता फुगत नाहीत, तुमचे आठवड्यातून दोन दिवसात फुगतील? पहिले दीड-दोन महिने तर आकार काही बदलतच नाही, ताकद वाढते ती मेंदू आणि नसा आहे त्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. त्या काळात काटा हलला नाही किंवा अर्धा किलो वर गेला तरी सोडू नका, ब्लाउजची शिवण बघा. खाणं थोडंच कमी करा, आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरवायच्या नादी लागू नका.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला, आई ७६ वर्षांची, महालात एकटी राहते. दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून मनगट मोडलं, नंतर डेक्सा टेस्ट केली तर हाडं ठिसूळ निघाली, टी-स्कोअर उणे २.७. तेव्हापासून आम्ही तिला काही करू देत नाही, बाई लावलीय, पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही. फिजिओ म्हणतो हिला वजनं उचलायला लावा. ऐकून धडकीच भरली. (मूळ नागपूर)

दादा, फिजिओचं ऐका.

तुमची काळजी कळते, पण काही करू न देणं हे आईसाठी सगळ्यात धोक्याचं औषध आहे. २००७ चा एक प्रयोग आहे, सरासरी ६७ वयाची चांगली ठणठणीत माणसं फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवली, दोन्ही पायांतला मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेला. दहा दिवसात. आणि ते तुमच्या आईपेक्षा नऊ वर्षांनी लहान होते.

दुसऱ्या बाजूची गोष्ट ऐका. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने या डॉक्टरांनी १० जणांना पायांचं वेट ट्रेनिंग दिलं, वयं ८६ ते ९६. हलकं-फुलकं नाही, त्यांच्या झेपेच्या मानानं जड. आठ आठवड्यात ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला, पावलापुढे पाऊल टेकवत सरळ रेषेत चालण्याचा वेग जवळपास दीडपट झाला. १९९४ मध्ये त्यांनीच १०० जणांवर हे परत करून दाखवलं. म्हणजे शहात्तर हे वय उशीर झाल्याचं नाहीच.

हाडांचं तर अजून सरळ आहे, हाडाला जोर मिळाला तर ते घट्ट होतं, नाही मिळाला तर पोकळ. ऑस्ट्रेलियात हाडं कमकुवत झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायकांवर लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये आला. सरासरी वय ६५. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, भारी वजनं, आठ महिने. कमरेच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. पण लक्षात घ्या, ते सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सुरुवातीला नुसती पद्धत शिकवून मग वजन वाढवत केलेलं होतं. यूट्यूब बघून आईच्या हातात बारबेल देऊ नका.

त्यांच्यासाठी सुरुवात अशी: मनगट जुळेपर्यंत फक्त पाय. उंच खुर्चीवर दोन उशा ठेवून उठबस, मग एक उशी काढा, मग दुसरी. ओट्याला बोटं टेकून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या, शेजारी कोणीतरी उभं पाहिजे. पायाच्या घोट्याला बांधायचे वेल्क्रोचे पट्टे मिळतात, अर्धा किलोपासून, ते बांधून बसल्या जागी पाय सरळ करणं. कमरेतून गोल वाकून खालची वस्तू उचलणं आणि झटका देऊन वळणं हे दोन टाळायचं, ठिसूळ मणक्याला तेच नडतं. हाडांचं औषध, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी हे डॉक्टरांनी दिलंय ते चालूच ठेवायचं, व्यायाम त्याच्या बदल्यात नाही. आणि बाथरूममध्ये भिंतीला पकडायचा दांडा बसवा, आजच, आणि ती निळी प्लॅस्टिकची स्लीपर फेकून द्या. बादली अर्धी भरून उचलू द्या त्यांना हळूहळू, त्यांचं घर आहे.

प्रश्न : गार्डनमध्ये त्या पिवळ्या-निळ्या ग्रीन जिमच्या मशीन बसवल्या आहेत, फुकट आहे. त्यावर भागेल का? (सक्करदरा)

सांधे मोकळे करायला, सुरुवात करायला छान. पण त्यातल्या बहुतेकांवर वजन कमी-जास्त करता येत नाही, आणि झोके घ्यायच्या त्या मशीनवर तर जोर कमी आणि गप्पा जास्त होतात. तिथलं वाकवलेलं बेंच आणि लोंबकळायचे बार मात्र कामाचे, ते पकडा.

प्रश्न : माझी आजी ९२ वर्षं जगली, कधी जिम पाहिली नाही, डंबेल माहीत नव्हतं. तुम्ही लोक कशाला आम्हाला घाबरवून राहिले? घरकाम केलं की झालं. (वय ५८, इतवारी)

आजीला माझा नमस्कार. आजी विहिरीचं पाणी शेंदत असेल, दोन मजले घागर चढवत असेल, जात्यावर बसत असेल आणि उठताना कशालाही हात न लावता उठत असेल. डंबेल माहीत नव्हतं, पण दिवसभर वजनच उचलत होती. तुमच्या घरी मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, गॅसचा ओटा उभ्यानं आहे आणि ते चांगलंच आहे, मी परत जात्यावर बसणार नाही. झाडू-पोछा, भांडी यात दमायला होतं पण दमणं आणि ताकद वाढणं वेगळं, कारण पातेलं दर महिन्याला जड होत नाही.

आणि एक, ज्या आज्या पन्नास-साठीत गेल्या त्यांचं उदाहरण कोणी देत नाही.

प्रश्न : प्रोटीनशिवाय वजन उचललं तर नुकसान होतं असं जिमवाल्यानं सांगितलं आणि साडेतीन हजारांचा डबा दाखवला. आम्ही सोमवार, गुरुवार, श्रावण पाळतो. वय ६०, वजन ६५ किलो. (नंदनवन)

डबा विकायचा होता हो त्याला. पण मुद्द्यात तथ्य आहे.

आपल्याकडची अधिकृत शिफारस म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅम, ती सगळ्या मोठ्या माणसांसाठी सरसकट. म्हाताऱ्या स्नायूला तेवढ्याच प्रोटीनचा फायदा कमी होतो, म्हणून साठीपुढे तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. तुम्हाला म्हणजे ६५ ते ७८ ग्रॅम. आता आपलं घरचं बघा: सकाळी पोहे चार ग्रॅम, दुपारी तीन पोळ्या नऊ, वरण पातळ असतं ते चार-पाच, भात-भाजी मिळून पाच, संध्याकाळी चहा-चिवडा तीन-चार, रात्री परत दुपारसारखंच. पंचेचाळीसच्या आसपास गाडी अडकते. आणि लोक म्हणतात आम्ही रोज डाळ खातो! वरण खाता, त्यात डाळ असते थोडी.

वीस-पंचवीस ग्रॅम वाढवायला डबा लागत नाही. सोया चंक्स, कोरडे ३० ग्रॅम धरा, त्यात १५. १०० ग्रॅम पनीर १८. दोन अंडी १२, चालत असतील त्या वारी. वाटीभर घट्ट दही पाच. मूठभर फुटाणे पाच-सहा. बेसन ५० ग्रॅमचा झुणका १० च्या वर, पाटवडी रस्सा केला तर बेसन तेच, फक्त सावजीच्या हाताचं तेल आपल्या घरी नको. आणि सगळं एका जेवणात न ढकलता सकाळच्या खाण्यात आधी वाढवा, तिथंच आपली सगळ्यात मोठी पोकळी आहे. पोह्यांऐवजी आठवड्यातून चार दिवस मुगाचं धिरडं आणि दही करून बघा. एवढं करूनही जमत नसेल, दातांमुळे किंवा भूकच लागत नाही म्हणून, तर साधी व्हे पावडर घ्यायला हरकत नाही, ती दुधाचीच असते, विष नाही आणि अमृतही नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र यातलं काहीही करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : शुगरसाठी आणि वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन सुरू आहे, सात महिन्यात ११ किलो उतरले. खूश आहे पण बाटलीचं झाकण उघडताना हात कमी पडून राहिला. (वय ५४, धरमपेठ)

या इंजेक्शनांनी भूक मेलेली असते, माणूस चार घास खाऊन उठतो, त्यात प्रोटीन कुठलं जायला. वेगवेगळ्या अभ्यासांत उतरलेल्या वजनातला पाव हिस्सा ते ४० टक्क्यांपर्यंत भाग चरबीचा नसून बाकीचा निघालाय. तुमच्यासारख्यांनी तर वेट ट्रेनिंग इंजेक्शनसोबतच सुरू करायला हवं होतं, पण आता करा. ताटात पहिले घास प्रोटीनचे. शुगरलाही मदतच आहे, जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. सोबत इन्सुलिन किंवा शुगर झटकन पाडणाऱ्या गोळ्या असतील तर व्यायामाच्या दिवशी खिशात साखर ठेवा आणि डोस कमी करायचा का ते डॉक्टरांकडून विचारून घ्या.

प्रश्न : बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यात घर्षण सांगितलंय, उठताना कटकट वाजतात. मला चालेल का? (वय ६१, बाई, प्रतापनगर)

काकू, चालेल, उलट गुडघ्याच्या झिजेवर मांडीचा पुढचा स्नायू मजबूत करणं हा जगभर पहिल्या फळीतला उपाय मानतात. गुडघा नुसता वाजतो, दुखत नाही, तर वाजू द्या. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर ठीक, सूज आली किंवा दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर वजन कमी करा किंवा खुर्ची उंच करा, सोडून देऊ नका.

बीपीवाल्यांनी एकच गोष्ट सांभाळायची, श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना फू करून सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी क्षणात वर उडतो. ज्यांचं बसल्या जागीच १८०/११० च्या वर आहे त्यांनी आधी ते खाली आणावं, मग खुर्ची. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, हर्निया आहे, छातीत दुखतं, चक्कर येते, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. आणि जिममध्ये जाणार असाल तर ट्रेनरनं पहिल्या दिवशी तुम्हाला गोळ्या कुठल्या चालू आहेत हे विचारलं का ते बघा. न विचारता सरळ मशीनवर बसवलं तर दुसरी जिम शोधा.

प्रश्न : हे सगळं ठीक आहे, पण आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात कसं जमायचं? मे महिन्यात तर पंख्याखाली बसूनही जीव जाते. (वय ५६, जरीपटका)

खरं आहे, ४५ च्या पुढे गेल्यावर कोणाला काय सांगणार. पण म्हणूनच मी घरच्या व्यायामाच्या मागे लागते, चालणाऱ्यांचं मे-जून बंद पडतं, खुर्ची आणि बॅग कूलरसमोर चालू राहते. सकाळी सहाच्या आत उरका, तीन सेटचे दोन करा, वजन तेवढंच ठेवा. पाणी आधी प्या, नंतर मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा ताक, बीपीवाल्यांनी मीठ बेतानं. कूलरच्या पाण्यानं फरशी ओली होते, तिथं उठबस करू नका, कोरड्या जागी खुर्ची घ्या. आणि लोखंडी डंबेल असतील तर गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवू नका, दुपारनंतर हात भाजतो.